भक्ष्य आणि प्रेक्ष्य : मॉरिशसच्या जीवसृष्टीचा पूर्वेतिहास

मॉरिशस बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात ग्रां पोर नावाचा जो विस्तीर्ण उपसागर आहे, त्याच्या काठाकाठाने कोणी सकाळी चालू लागला, तर दिवस मावळण्यापूर्वी त्या बेटाचा बहुतेक सारा इतिहास त्याच्या पायांखालून जातो. 1598 च्या सप्टेंबरात डच गलबतांनी प्रथम नांगर टाकला तो याच पाण्यात. 1810 च्या ऑगस्टात फ्रेंचांनी इंग्रजांच्या लढाऊ जहाजांचा पराभव केला तोही येथेच. डोडो या नष्ट झालेल्या पक्ष्याची हाडे ज्या दलदलीतून निघाली ती मार ओ साँज येथून जवळच आहे, आणि आजचा विमानतळही त्या दलदलीच्या शेजारीच उभा आहे. विमानातून उतरलेला प्रवासी तासाभराच्या आत ब्लू बे नावाच्या खाडीत उतरतो, डोळ्यांवर काचेचा मास्क चढवतो, स्नॉर्केलची नळी दातांत धरतो आणि पालथा तरंगत पोवळ्यांच्या झुडपांमधून फिरणारे पोपटमासे, फुलपाखरूमासे पाहत राहतो. त्याच्या मनात बहुधा अशी समजूत असते, की सृष्टीच्या आरंभापासून हे सारे असेच आहे आणि आपण मात्र येथे आज आलो.

ही समजूत सुखद असली तरी खरी नाही. केवळ पाहण्यासाठी पाण्यात किंवा रानात शिरणे, ही या बेटावरची अगदी अलीकडची वहिवाट आहे. येथील प्राणिमात्राची नोंद प्रथम झाली ती शिध्याच्या यादीत. त्यानंतर पुष्कळ काळाने शास्त्रज्ञांच्या टिपणांत. त्याहूनही उशिरा कायद्याच्या कलमांत. आणि हे सर्व होऊन गेल्यावर जे उरले, ते प्रवाशाच्या दृष्टीस पडले. मॉरिशसचा इतिहास राजवटींच्या क्रमाने अनेकांनी लिहिला आहे. परंतु तो भक्ष्याचे प्रेक्ष्य कसे झाले, या क्रमानेही वाचता येतो, आणि तसा वाचला असता समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचा अर्थ काहीसा निराळा लागतो.

डच येण्यापूर्वी या बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. अरब खलाशांना ते ठाऊक होते, पोर्तुगीज तारवे तेथे पाणी भरून जात. परंतु स्थायिक असा कोणीच नव्हता, आणि वटवाघळांखेरीज स्थलचर सस्तन प्राणीही नव्हता. शत्रूच नसल्यामुळे तेथील पक्षी भय विसरले होते, काहींना पंख असूनही उडण्याचे कारण उरले नव्हते आणि राक्षसी कासवे निर्धास्तपणे गवत चरत होती. अशा बेटावर महिनोन् महिने खारवलेल्या मांसावर राहून स्कर्व्हीने खंगलेले खलाशी उतरले तेव्हा त्यांनी जे केले, ते कोणत्याही भुकेल्या माणसाने केले असते. पारवे, पोपट, कासवे आणि समुद्रगाई यांचे मांस त्यांनी खाल्ले, उरलेले मीठ लावून पिपांत भरले आणि मोरिस ऑफ नासाऊ या आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला देऊन ते पुढे गेले.

डोडो मात्र खाऊन संपला, ही लोकश्रुती अर्धीच खरी आहे. त्याचे मांस चिवट म्हणून नावाजलेले होते आणि पारवे मिळत असता त्याच्या वाटेस फारसे कोणी जात नसे. त्याचा खरा घात केला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, सोडून दिलेल्या डुकरांनी आणि माकडांनी. कारण डोडो जमिनीवर अंडी घालीत असे, आणि अंड्यांवर टपणारा शत्रू त्याला कधी ठाऊकच नव्हता. 1638 साली डचांनी तेथे वसाहत केली. पुढल्याच वर्षी आड्रियान व्हॅन देर स्टेल या सुभेदाराने जावाहून हरणे आणि ऊस आणला. आबनुसाचे वृक्ष तोडून त्यांचे ओंडके युरोपास रवाना होऊ लागले. डोडोच्या शेवटच्या भरवशाच्या दर्शनाची नोंद 1662 सालची आहे. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की ज्या सुरतेवर 1664 साली शिवाजीमहाराज चालून गेले, त्याच सुरतेत त्याआधी तीसएक वर्षे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने दोन जिवंत डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराचे मानले जाणारे डोडोचे एक रंगीत चित्र आजही रशियात जतन केलेले आहे. म्हणजे हा पक्षी मायदेशी शिध्याच्या यादीत होता तेव्हाच हिंदुस्थानात तो नवलाचा नमुना ठरला होता. परंतु हे नवल बादशहाच्या आणि सुभ्यांच्या दरबारापुरतेच होते, आणि त्याने डोडोचे आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही.

1710 साली डच कंटाळून निघून गेले आणि 1715 साली फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. त्यांच्या अमलात भक्ष्याचा व्यवहार अधिक शिस्तीने चालू लागला. मॉरिशसवरची कासवे विरळ झाल्यावर पूर्वेस सुमारे सहाशे किलोमीटरांवर असलेल्या रॉड्रिग्ज बेटाकडे कारभाऱ्यांची दृष्टी वळली. फ्रांस्वा लगा हा फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित 1691 ते 1693 या काळात काही सोबत्यांसह त्या बेटावर राहिला होता, आणि तेथील कासवांचे व समुद्रगाईंचे कळप आणि विचित्र पक्षी यांचे वर्णन त्याने प्रसिद्ध केले होते. पुढे माहे द लाबुर्दोने या फ्रेंच गव्हर्नराच्या कारकिर्दीपासून ही कासवे गोळा करण्यासाठी तेथे माणसे तैनात झाली, आणि एकेका खेपेत हजारो कासवे जहाजांच्या तळात रचून मॉरिशसच्या पोर लुई बंदरात येऊ लागली. कासवाचा गुण असा, की ते अन्नपाण्यावाचून आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. त्यामुळे शीतगृहाचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात ताजे मांस समुद्रपार नेण्याचा याहून सोयीचा मार्ग नव्हता. पलटणीस, इस्पितळास आणि पूर्वेकडे जाणाऱ्या आरमारास ही रसद मोजून दिली जात असे. अठरावे शतक संपता संपता रॉड्रिग्जची कासवे जवळजवळ संपली. समुद्रगाईही त्यांच्यामागोमाग गेल्या.

परंतु याच फ्रेंच अमलात दृष्टी पालटल्याची पहिली चिन्हेही दिसतात. पिएर प्वाव्र हा कारभारी 1767 साली बेटावर आला. झाडी तुटली की पाऊस हटतो आणि ओढे आटतात, असे त्याचे मत होते. त्याच्या प्रेरणेने 1769 साली जो नियम झाला, त्याने प्रत्येक जमीनधारकास आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा रान म्हणून राखणे बंधनकारक झाले. याच सुमारास टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी हिंदुस्थानातून साळुंक्या आणविल्या गेल्या. बुलबुल आणि मुंगूस पुढे इंग्रजी अमदानीत आले. आज महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशास हॉटेलच्या अंगणात साळुंकी बागडताना पाहून घरच्यासारखे वाटते. पण ती तेथे सरकारी हुकुमाने गेलेली आहे. प्वाव्रच्याच काळात फिलिबेर कोमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर राहिला. त्याच्या समवेत पुरुषवेषात जगप्रवासास निघालेली जान बारे ही स्त्रीही होती. कोमेर्सोंने मासे वाळवून, त्यांची चित्रे काढवून मोठा संग्रह केला. 1773 मध्ये तो तेथेच वारला, आणि त्याच्या कागदपत्रांवरून लासेपेद याने पॅरिसमध्ये बसून कित्येक माशांची शास्त्रीय वर्णने लिहिली. ब्लू बेमध्ये आज ज्यांच्यामागे प्रवासी हळूहळू पोहतो, त्यांतले काही मासे शास्त्रात शिरले ते असे मेल्यावर, रंग उडाल्यावर आणि समुद्रापासून हजारो कोसांवर.

फ्रेंच अमलाचा आणखी एक ठेवा सांगितलाच पाहिजे. 1807 साली जनरल देकां याने भरतीच्या रेषेपासून 81 मीटर 21 सेंटिमीटर रुंदीचा किनाऱ्याचा पट्टा कायमचा सरकारी ठरवला. तो विकता येत नाही, केवळ मुदतीने भाड्यास देता येतो. हेतू होता शत्रूचे सैन्य उतरू नये म्हणून किनारा आपल्या हाती राखण्याचा आणि काठची झाडी टिकवण्याचा. समुद्रस्नानाचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. परंतु आज बेटावर सार्वजनिक पुळणी आहेत आणि बड्या हॉटेलांनाही जमीन पट्ट्यानेच घ्यावी लागते, याचे मूळ त्या लष्करी फर्मानात आहे.

1810 च्या डिसेंबरात बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि 1825 नंतर, मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीने आकारली जाऊ लागल्यावर, उसाने उरलेली राने गिळण्यास आरंभ केला. आज मूळच्या चांगल्या अरण्यापैकी शेकडा दोन भागही शिल्लक नाहीत, ते मुख्यतः या एका पिकामुळे. गुलामगिरी 1835 मध्ये उठली. तिच्या जागी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्याची पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' जहाजाने जे मजूर पोर लुईत उतरवले, त्यांच्यामागून पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे आली. बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांतांकडची, दक्षिणेतली पुष्कळ, आणि मुंबई बंदरातून गेलेल्या थोड्यांमध्ये कोकणातली व घाटावरची मराठी माणसे. मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी तर त्याहीपूर्वी पोहोचले होते. 1836 च्या एप्रिल-मे महिन्यांत 'बीगल' जहाजातून आलेल्या चार्ल्स डार्विनने पोर लुईतल्या सार्वजनिक कामांवर हिंदी कैदी पाहिले, आणि त्याच मुक्कामात प्रवाळखडकांचेही निरीक्षण केले. पोवळ्यांच्या खडकांची उपपत्ती सांगणारा त्याचा ग्रंथ 1842 साली निघाला.

मराठी मजुरांच्या वाट्यास समुद्रकाठचे सुख आले नाही. करार संपलेल्या मजुरासही 1867 च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाताना तो नसला तर भटका म्हणून अटक होई. पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भागात त्यांच्या वंशजांची वस्ती आजही आहे. कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून गणेशोत्सवात नाचली जाते, आणि गणेशचतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. विसर्जनासाठी मूर्ती नदीकडे किंवा समुद्राकडे निघते तेव्हा हाच समाज वाजतगाजत पाण्याकाठी येतो.

याच हिंदी मजुरांच्या पावलांनी डोडो पुन्हा सापडला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 1865 साली रेल्वेचे काम चालू असता मार ओ साँजच्या दलदलीत जुनी हाडे निघाली. ग्रां पोर भागातला जॉर्ज क्लार्क हा शाळामास्तर डोडोचा माग कित्येक वर्षे काढीत होता. त्याने मजुरांना दलदलीच्या मध्यभागी उतरवले आणि त्यांनी चिखलात अनवाणी पायांनी चाचपून हाडे वर काढली. त्यांच्या जोरावर रिचर्ड ओवेनसारख्या पंडितांनी डोडोचे शरीरवर्णन केले आणि क्लार्कचे नाव झाले. तळ ढवळून जीवसृष्टी शोधण्याचे हे काम त्या मजुरांच्या हौसेचे नव्हते. ते त्यांच्या मजुरीचे होते.

त्याच वर्षांत किनाऱ्यावर निराळेच संकट आले. हिवतापाची साथ पसरली आणि 1867 या एकाच वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते किनारा सोडून क्युरपिपच्या थंड पठारावर राहावयास गेले, आणि समुद्रकाठ हा रोगाचा, म्हणून टाळण्याचा प्रदेश ठरला. अल्मोड्यात जन्मलेला आणि सिकंदराबादेस डासांच्या पोटात हिवतापाचे बीज शोधणारा रोनाल्ड रॉस 1907 साली याच कामासाठी मॉरिशसला आला. परंतु खरा उतार पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाल्यावर. ऊस मळेवाल्यांचे किनाऱ्यावरचे पाचटाने शाकारलेले बंगले आधीही होते. पण सामान्य माणूस निर्धास्तपणे पुळणीवर झोपू शकेल, ही स्थिती अवघ्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांची आहे.

पाण्याखाली पाहण्याचे साधनही जवळपास तेवढ्याच वयाचे. भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्यावर 1930 नंतरच्या दशकात पायांत घालावयाचे रबरी पंख, एका काचेचा मास्क आणि श्वासनळी यांचा मेळ बसला. लुई द कोर्लियू याने पंखांचे पेटंट 1933 मध्ये घेतले. हे सारे घडले ते मात्र माशांना भाल्याने टिपण्याच्या छंदासाठी. त्या काळी या विषयावर लिहिणाऱ्या गाय गिलपॅट्रिकचे 1938 मधील पुस्तकही शिकारीचेच होते. हान्स हास हा ऑस्ट्रियन तरुण 1939 साली कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव आणि बोनेर बेटांवर गेला तेव्हा भाल्याबरोबर त्याच्या हाती कॅमेराही होता, आणि कालांतराने भाला मागे पडून कॅमेराच उरला. बेटावर जी उत्क्रांती व्हावयास तीनशे वर्षे लागली, ती या साधनाच्या बाबतीत एका माणसाच्या तारुण्यात उरकली.

12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाकाठी येणारे प्रवासी सुमारे पंधरा हजार होते. 2018 साली ते चौदा लाखांच्या घरात गेले. या वाढीच्या ओघातच कायद्याने हात घातला. भाल्याच्या बंदुकीने मासे मारण्यास बंदी झाली. पोवळी व शिंपले उचलणे, समुद्री कासवे पकडणे हे गुन्हे ठरले. घरबांधणीसाठी लगूनमधली वाळू उपसण्याचा जुना धंदा 2001 मध्ये बंद झाला. ब्लू बे 1997 साली राखीव झाले आणि 2008 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

जमिनीवर तर याहून अवघड काम चालू होते. 1974 साली मॉरिशसचे मूळ ससाणे रानात अवघे चार उरलेले ठाऊक होते. गुलाबी पारव्यांची संख्या 1990 च्या सुमारास दहाएकांवर आली होती. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंडी उचलून कृत्रिम उष्णतेने उबवली, म्हणजे मादी दुसऱ्यांदा अंडी घाली; पिले हाताने वाढवून रानात सोडली, त्यांना खाद्य पुरवले, उंदरांचा बंदोबस्त केला. अशा चिकाटीने दोन्ही जाती शेकड्यांत गेल्या. ब्लू बेच्या समोरच इल ओ एग्रेत नावाचे 26 हेक्टरांचे बेट आहे. तेथे 2000 साली अल्दाब्राची राक्षसी कासवे सोडण्यात आली, कारण मॉरिशसच्या स्वतःच्या जाती केव्हाच निर्वंश झाल्या होत्या. ही परकी कासवे आबनुसाची फळे खातात, बिया विष्ठेवाटे दूरवर पेरतात आणि अशा बिया अधिक चांगल्या रुजतात. नष्ट झालेल्या प्राण्याचे काम त्याच्या दूरच्या आप्ताने पत्करले आहे.

अल्दाब्राची कासवे उरली तरी कशी, याचे उत्तर एका अर्जात आहे. 1874 साली, अल्दाब्रा बेट मॉरिशसच्या सुभ्यात मोडत असता, आल्बर्ट गुंथरच्या पुढाकाराने डार्विन, हूकर, ओवेन आदी विद्वानांनी मॉरिशसच्या गव्हर्नरास विनंती केली, की इतरत्र संपलेल्या या प्राण्यांना तेथे तरी अभय द्यावे. आज अल्दाब्रावर सुमारे लाखभर कासवे आहेत. डार्विनने ऐन उतारवयात ज्या अर्जावर सही केली, त्याचे फळ सव्वाशे वर्षांनी ग्रां पोरच्या उपसागरात चालू लागले.

इतके झाल्यावर भक्ष्याचा काळ संपून प्रेक्ष्याचा निष्पाप काळ आला, असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु इतिहास तसे म्हणू देत नाही. 25 जुलै 2020 रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज ब्लू बेच्या लगतच्या प्रवाळभिंतीवर चढले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात पसरले. हुकुमाची वाट न पाहता हजारो माणसे किनाऱ्यावर आली आणि त्यांनी कापडात उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले; ज्या पिकाने बेटाची राने खाल्ली, त्याच्या टाकाऊ पाल्याने काही मैल किनारा वाचवला. तेलाचा डाग निदान डोळ्यांना दिसतो. पाणी तापल्यामुळे पोवळी पांढरी पडतात, हॉटेलांचे सांडपाणी लगूनमध्ये मुरते, प्रवासी दमला की प्रवाळावरच उभा राहतो, नाव हाकणारा घाईत नांगर टाकतो. ही हानी एकाही वहीत खर्ची पडत नाही. पाहणे हाही एक भोगवटा आहे, आणि त्याचा सारा कोणीतरी भरत असतोच.

याउलट खाणाऱ्यांनीच राखल्याचा दाखला रॉड्रिग्ज बेटावर आहे. तेथील स्त्रिया ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात चालत जाऊन लोखंडी सळईने अष्टपाद टिपतात. हा त्यांचा परंपरागत धंदा आहे आणि त्यावर घरे चालतात. पकड घटू लागली तेव्हा 2012 पासून वर्षातला काही काळ शिकार सक्तीने बंद ठेवण्याचा प्रघात पडला. त्या मुदतीत या स्त्रियांना किनाऱ्याच्या साफसफाईसारखी पगारी कामे दिली गेली, आणि मुदत संपल्यावर हाती आलेले अष्टपाद आकाराने मोठे होते. डच खलाशांच्या शिध्यापासून स्नॉर्केलपर्यंतच्या सव्वाचारशे वर्षांकडे पाहिले असता मला या बंदीचे मोल सर्वांत अधिक वाटते. डोडोला जहांगीराच्या दरबारात प्रेक्षक लाभले होते, तरी त्यांच्यामुळे तो वाचला नाही. अष्टपादाला खाणाऱ्यांनी राखले आहे. सृष्टीचा शत्रू भूकच असते आणि कुतूहल तिचा मित्र असते, हा हिशोब वाजवीपेक्षा सोपा आहे. खाणाऱ्याने हात आखडून धरला तर तो रक्षक होतो, आणि पाहणाऱ्याने आपल्या पाहण्याचा खर्च नाकारला तर तो शिकाऱ्याइतकाच घातक ठरतो. म्हणून ब्लू बेच्या पाण्यात उतरणाऱ्याकडून तिकिटाबरोबर या खर्चाचीही वसुली व्हावी, हे न्यायाला धरून आहे.